सिद्रामप्पाच्या विहिरीतली अर्धी प्रदक्षिणा

कीर्ती सर्वगोड हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की बाई फार गोड बोलत असणार. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या कॉलेजात रुजू झाली त्या दिवशी ती माझ्या केबिनमध्ये आली, ‘बसा’ म्हटलं तरी बसली नाही आणि म्हणाली, “सर, तलावात बाकं कुणी टाकलीत?”

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला राग आला.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला घरची आठवण येते. तरी मी जिमखाना समितीचा अध्यक्ष आहे, कारण आमच्याकडे सेवाज्येष्ठता नावाची एक बला आहे आणि ती कुणाच्या मानगुटीवर बसेल याचा नेम नाही. पोहण्याचा तलाव माझ्याच अखत्यारीत येत होता. संस्थेच्या आधीच्या अध्यक्षांनी तो हौसेनं बांधला, उद्घाटनाला भरला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो आटला तो आटलाच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लोक पाहुण्यांना ‘आज नका येऊ’ म्हणून फोन करतात. अशा गावात तलाव भरा म्हणणारा माणूस वेडा ठरतो. म्हणून आम्ही शहाण्यांनी त्यात मोडकी बाकं, गंजलेले पंखे आणि गॅदरिंगच्या कमानी टाकून ठेवल्या होत्या.

“बाकं काढून ठेवू कुठं?” मी विचारलं.

“माझ्या डोक्यावर ठेवा,” ती म्हणाली. “पण तलाव मोकळा करा.”

कीर्ती कुंभारीची. वडील लवकर गेले. आई मुक्ताबाई विड्या वळते, कामगारांच्या घरकुलात दोघी राहतात. कीर्ती पोहायला शिकली ती दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात, पोरांच्या बरोबर आणि घरी येऊन आईचा मार खात. पुढं ती विद्यापीठाच्या संघात गेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्व म्हणजे काम बारमाही आणि नेमणूक दर वर्षी नवी. दुसरी कुणी असती तर मान खाली घालून राहिली असती. ही मान खाली घालायची ती फक्त पाण्यात.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्या तलावात पाणी. मी एकदा वैतागून म्हटलंही, “अहो, खो-खोचा संघ काढा, कबड्डी घ्या. पाण्याचंच काय घेऊन बसलात?”

तेव्हा ती पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. “खाणीत माझ्याबरोबर एक मुलगी शिकायची, सर. एक दिवस ती वर आलीच नाही. आमच्या पोरींना शिकायला नीट जागा पाहिजे. तळ दिसणारी.”

मी तिला घेऊन संस्थेच्या अध्यक्षसाहेबांकडे गेलो.

अध्यक्षसाहेब माणूस मोठा हसतमुख. नाही म्हणतानाही ते असे हसतात की समोरचा आभार मानून उठतो. त्यांनी कीर्तीचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “मॅडम, आधी विद्यापीठाची चॅम्पियनशिप आणून दाखवा. मग काय, तलाव भरून देतो की!”

“शब्द?” कीर्तीनं विचारलं.

“शब्द.”

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं. पाणी न देता म्हणायचं की पोहून जिंका, मग पाणी देऊ. स्वयंपाक करून दाखवा, मग चूल देतो, असं कुणी सुनेलाही म्हणत नाही. पण कीर्ती चिडायची ती एरवी, काम दिसलं की तिचा राग कुठल्या कुठं जायचा. “साहेबांनी शब्द दिलाय ना?” ती म्हणाली. “मग पाणी मी शोधते.”

कुंभारीच्या शिवारात सिद्रामप्पाची विहीर आहे. चांगली ऐसपैस, गोल, उतरायला दगडी पायऱ्या. पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत तिला भरपूर पाणी. मुक्ताबाईनं लेकीला अडवलं. “त्या हिरीवर नगं जाऊ बाई,” ती म्हणाली. “ल्हानपनी आमी घागर घिऊन गेलो की वरनं भरून द्यायचे. पायरीला पाय लावू द्यायचे न्हाईत.”

“तुला विचारायची सोय नव्हती आई,” कीर्ती म्हणाली. “मला आहे.”

आणि ती गेली. सिद्रामप्पा सत्तरीचा म्हातारा, कपाळाला भस्म, तोंडात निम्मी कानडी. त्यानं तिचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आई कोण ते विचारलं. मग बराच वेळ विहिरीत बघत बसला. मी बरोबर होतो. मला वाटलं, आता हा आपल्याला चहाही न विचारता वाटेला लावणार.

“उतरा,” तो म्हणाला. “पर येक हाय. हिरीच्या मदोमद, तळाला, आमच्या आज्यानं बशिवल्याला देव हाय. पोरी पवनार तर त्येला उजवं घालून फिरायचं. उलटं फिरल्यालं मला चालनार न्हाय.”

“नाही फिरणार,” कीर्ती म्हणाली. त्या वेळी ती कशालाही हो म्हणाली असती.

तो अख्खा पावसाळा पोरी त्या विहिरीत पोहल्या. केम गावची ऋतुजा होस्टेलवर राहायची, ती घरच्या शेततळ्यात पाठीला रिकामा डबा बांधून शिकलेली. घरकुलातली पायल, जिला खाणीवर जायची घरून सक्त बंदी होती, तिला कीर्तीनं हाताला धरून शिकवलं. आणखी काही जणी होत्या. कॉलेज सुरू व्हायच्या आधी रिक्षात दाटीवाटीनं बसून कुंभारीला जायचं, विहिरीत उतरायचं आणि गोल गोल फिरायचं, देवाला उजवं घालून. कीर्ती कठड्यावर उभी राहून शिट्टी मारायची आणि ओरडायची. मी एक-दोनदा गेलो. पोरींचा वेग बघून मला वाटलं, जिंकतात बुवा.

स्पर्धा बाहेरगावच्या एका कॉलेजात होत्या. त्यांचा तलाव लांबलचक, आखीव, पाण्यावर दोऱ्या ताणून प्रत्येकीची पट्टी वेगळी केलेली. शिट्टी झाली. आमची पायल सुसाट निघाली. निम्म्या अंतरापर्यंत सगळ्यांच्या पुढं होती. मग ती हळूहळू उजवीकडे झुकायला लागली. दोरीला घासली, दोरीखालून गेली, शेजारच्या मुलीच्या पट्टीत निघाली आणि तशीच पुढं जाऊन पहिली आली. दुसरीच्या पट्टीतून. शर्यतीतून बाद.

ऋतुजा दोरीखालून गेली नाही. ती दोरीवर डोकं आपटून थांबली. रिलेमध्ये तर आमच्या सगळ्याच पोरी एकामागून एक उजवीकडे गेल्या. गोल फिरायची अशी सवय लागली होती की सरळ जाणं अंगातून गेलं होतं. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, “सोलापूरची गाडी उजवीकडं ओढतीय!” सगळे खदाखदा हसले. मला इतका संताप आला की मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

सोलापूर स्टँडवर उतरल्यावर कीर्ती म्हणाली, “चूक पोरींची नाही. पुढच्या वर्षी दोन्हीकडून फिरवते.”

“म्हातारा ऐकणार नाही,” मी म्हटलं.

“ऐकेल. न ऐकून सांगतो कुणाला?”

म्हातारा ऐकला नाही. कीर्तीनं विनवण्या केल्या, चिडली, पुन्हा विनवण्या केल्या. तो आपला कानडीत ‘नको, नको’ म्हणत मान हलवतच राहिला. “ब्याड, ब्याड. देवाला डावं घालून न्हाय फिरायचं. कोप हुतो.” या मुद्द्यावर त्यांची भांडणं महिनोन्महिने चालली. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर दोघंही माझ्यावरच उलटले. कीर्ती म्हणाली, “सर, तुम्हाला पोहता येत नाही, तुम्ही थांबा.” सिद्रामप्पा म्हणाला, “मास्तर, तुमी देव मानत न्हाई, तुमी थांबा.” मी थांबलो.

पुढचा जून आला. नेमणुकीचं पत्र घेऊन कीर्ती माझ्याकडे न थांबता थेट विहिरीवर गेली. सिद्रामप्पा बांधावर बसला होता. मी मागून पोचलो तेव्हा भांडण रंगात आलं होतं.

“काका, एक सांगा,” कीर्ती म्हणत होती. “तळाला देव आहे म्हणता, तो कोणता देव?”

“कोंचा म्हंजी? म्हादेव! आमच्यात दुसरा कोन आसनार?”

“पिंड आहे?”

“पिंडच की. लई मोटी हाय.”

कीर्ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मग महादेवाला पुरी प्रदक्षिणा कुठं असते हो? सिद्धेश्वराच्या देवळात मैत्रिणींबरोबर गेलेय मी, डोळे उघडे ठेवून गेलेय. पिंडीचं पाणी जिथून बाहेर जातं ती पन्हाळी कुणी ओलांडत नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या पावली मागं फिरायचं. अर्धीच प्रदक्षिणा. आणि तुम्ही माझ्या पोरींना वर्षभर पन्हाळी ओलांडायला लावलीत!”

“हितं कुटली पन्हाळी?” म्हातारा चाचरला.

कीर्तीनं विहिरीत उतरलेल्या मोटारीच्या पाइपाकडे बोट केलं. “देवावरचं पाणी बाहेर कुठून जातं?”

सिद्रामप्पानं पाइपाकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा पाइपाकडे. चेहरा एवढासा झाला. त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि कानडीत देवाची माफी मागितली. “यवढी वर्सं चुकलंच की वो माजं,” तो म्हणाला. “पोरींना सांगा, पाइप वलांडू नगा. तितनं मागं फिरा.”

“मॅडम, तुमचा तर देवावर विश्वास नाही,” मी तिला बाजूला नेऊन म्हटलं.

“नियमावर आहे,” ती म्हणाली.

झालं! पोरी पाइपापासून निघायच्या, विहिरीला वळसा घालून पाइपाच्या पलीकडच्या बाजूला यायच्या, गर्रकन वळून भिंतीला पाय लावायच्या आणि उलट्या दिशेनं परत. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. अंगातला झुकाव गेला, हे तर झालंच. पण गंमत अशी की वळणं पक्की झाली. लांब तलावात पोहणाऱ्या मुलींना वळायची वेळ कधीतरी येते, आमच्या पोरींना विहिरीत सारखं वळावं लागायचं. शेवाळलेल्या दगडावरून पाय न घसरता वळायला शिकलेल्या मुलीला गुळगुळीत फरशी म्हणजे सुख होतं. कीर्तीचा प्रशिक्षण कार्यक्रम म्हणतात तो एवढाच. सिद्रामप्पा रोज बांधावर बसून लक्ष ठेवायचा आणि एखादी पाइपाच्या पुढं गेली की कीर्तीच्या आधी तोच ओरडायचा.

त्या वर्षी स्पर्धेत पहिल्या वळणाला आमच्या पोरी मागं असायच्या आणि वळून निघाल्या की पुढं. पायल आपल्याच पट्टीतून पहिली आली. ऋतुजानं रिले ओढून आणली. चॅम्पियनशिप आमची. कीर्ती तलावाच्या काठावर बसून ढसाढसा रडली, आणि मी ‘उठा, लोक बघतायत’ म्हणत स्वतःच डोळे पुसत होतो.

सोलापूरला आलो तर कॉलेजच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स. सगळ्यांत मोठा फोटो अध्यक्षसाहेबांचा, त्याखाली प्राचार्यांचा, मग माझा. पोरींचे फोटो खाली रांगेत. कीर्तीचा नव्हता. बातमीदाराला प्राचार्य म्हणाले, “हे आमच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षण कार्यक्रमाचं यश आहे.” कार्यक्रम काय असं त्यानं विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “अर्धी प्रदक्षिणा.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी ते छापू दिलं नाही.

कीर्तीला या कशाचंच काही नव्हतं. ती म्हणायची, “फोटो राहू दे सर. शब्द दिलाय.”

आणि खरंच, फेब्रुवारीत एके दिवशी तलावातली बाकं निघाली. पंखे गेले, कमानी गेल्या. गडी उतरले, त्यांनी तळ घासला, भिंती घासल्या आणि आतून निळा रंग द्यायला सुरुवात केली. कीर्ती दर तासाला जाऊन बघून यायची. मी इतका जुना, इतका खवट माणूस, पण त्या निळ्या भिंती बघून मीही फसलो. नव्या पेठेतून पेढे आणून तिनं स्टाफरूममध्ये वाटले. पोरींना सांगितलं, आईला सांगितलं, सिद्रामप्पाला सांगितलं. वार्षिक पारितोषिक वितरण तलावातच आहे असं कळलं तेव्हा तर तिची खात्रीच पटली. हॉल परीक्षेला दिला होता म्हणून तिथं ठेवलंय, असं प्राचार्य म्हणाले होते. पण ऐकतंय कोण? तिच्या मते आधी समारंभ, मग पाणी सोडायचं, असा बेत होता.

समारंभाच्या दिवशी मुक्ताबाई नवं लुगडं नेसून आली. हातात पितळेची, तोंडाला फडकं बांधलेली कळशी.

“हे काय आणलंय?” मी विचारलं.

“सिद्रामप्पानं सांगितलं,” ती म्हणाली. “नव्या तळ्यात पयलं पानी आपल्या हिरीचं पडूंद्या, म्हनला. मी म्हनलं भरून द्या. तर म्हनला, तूच उतर की, तुज्या हातानं भर. मंग मी उतरले.” तिनं कळशीवरचं फडकं नीट केलं. “लई पायऱ्या हाईत वो त्या हिरीला. मला म्हाईतच नव्हतं.”

मी तिला पुढच्या रांगेत बसवलं. तलावाच्या उताराच्या भागात खुर्च्या, खोल भागात रंगमंच, मध्ये लाल कार्पेट. कळशी मांडीवर घेऊन ती बसली.

अध्यक्षसाहेब हसत हसत उठले. पोरींचं कौतुक केलं, कीर्तीला वर बोलावून शाल दिली, नारळ दिला. मग म्हणाले, “मित्रहो, ज्यांच्याकडे भरलेले तलाव आहेत ती कॉलेजं हरली, आणि ज्यांचा तलाव कोरडा आहे ते आपण जिंकलो. यातून काय सिद्ध होतं? साधनं लागत नाहीत, जिद्द लागते! आपल्या मुलींना तलावाची गरजच नाही, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलंय. म्हणून संस्थेनं ठरवलंय की पाण्याची नासाडी न करता या जागेचा कायमचा खुला रंगमंच करायचा. आणि मुलींच्या सन्मानार्थ त्याला नाव द्यायचं, चॅम्पियन रंगमंच!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या पोरीही सवयीनं टाळ्या वाजवायला लागल्या. पायलचे हात मध्येच थांबले.

कीर्तीनं शाल खांद्यावर तशीच असताना माइक हातात घेतला. “साहेब,” ती म्हणाली, “मग आम्ही हरायला पाहिजे होतं का?”

मग साहेब मोठ्यांदा हसले. “मॅडमना विनोद चांगला जमतो!” ते म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकून मला त्या क्षणी खुर्ची उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली. मी घातली नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून राहिलो.

कीर्ती खाली आली आणि आईच्या शेजारी बसली. कर्ण्याच्या घरघरीत मुक्ताबाईला भाषण काही कळलं नव्हतं. ती लेकीच्या कानाशी वाकली आणि तिनं विचारलं, मागं मला ऐकू आलं, “झालं न्हवं समदं? मंग ह्ये पानी कुटं वतू?”

कीर्ती नारळ हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, “हितंच वत, आई.”

ती एरवी ‘इथं’ म्हणते.

मुक्ताबाईनं फडकं सोडलं, कळशी दोन्ही हातांनी धरली आणि पायाशी, निळ्या तळावर, हळूहळू रिकामी केली. पाणी उतारानं निघालं. शेजारच्या खुर्च्यांच्या पायांतून, पाहुण्यांच्या बुटांखालून, कार्पेटच्या कडेनं रंगमंचाकडे गेलं. लोकांनी पाय वर घेतले. माइकवरचा मुलगा म्हणाला, “पुढच्या रांगेत कुणाची तरी बाटली सांडलेली आहे. कृपया पाणी सांडू नये.”

आमचा शिपाई प्रभु फडकं घेऊन धावत आला आणि गुडघ्यावर बसून पुसायला लागला.

“राहू दे रे,” मी म्हटलं.

“तसं कसं सर?” तो म्हणाला. “साधा रंग हाय, पाण्यानं खराब होतोय.”